एपीटीटी थोडा वाढलाय, पीटी आणि प्लेटलेट नॉर्मल आहेत. ऑपरेशनआधी काळजी करावी का?

एपीटीटी आणि पीटी म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या चाचण्या. त्या सेकंदांचं नंतर बघू. दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिलं होतं? लहानपणी घोळणा फुटायचा का? घरात कुणाला बाळंतपणात जास्त रक्त गेलंय का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरी तपासणी तिथूनच सुरू होते.

माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं तुमच्या उलट होतं. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल. पण पाळी आली की अंथरुणावर जुनी चादर, रात्री उठून पॅड बदलायचं, गुठळ्या पडायच्या. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन सातच्या वर चढेना. अक्कलदाढ काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळीही कापसाचा बोळा लालच निघाला. आमच्यातले एक वडीलधारे स्वतः डॉक्टर. ते दर वेळी रिपोर्ट पुढे करायचे, "नॉर्मल आहे, बाईच्या जातीला हे चालायचंच." मी तेव्हाही भांडले, आजही भांडेन. नळीतल्या प्लाझ्माला, म्हणजे रक्ताच्या द्रव भागाला, गोठायला किती सेकंद लागतात, एवढंच पीटी आणि एपीटीटी सांगतात. प्लेटलेट जखमेला चिकटतात की नाही हे त्यांत दिसतच नाही. त्यांना चिकटवायचं काम व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या रक्तातल्या प्रथिनाचं, आणि तो थोडा कमी असला तरी दोन्ही आकडे नॉर्मल येऊ शकतात. रक्तविकारतज्ज्ञांनी शेवटी तो तपासायला लावला. पहिल्यांदा काठावर आला, कारण तिला ताप होता आणि आजारपणात, ताणात, गरोदरपणात हा फॅक्टर वाढतो. बरी झाल्यावर पुन्हा केला तेव्हा व्हॉन विलेब्रँड आजाराचं निदान झालं.

फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली तिथल्याच ओलांड बेटांवरच्या ज्या मुलीवरून या आजाराची नोंद केली, ती पुढे १३ व्या वर्षी पाळीतल्या रक्तस्रावानेच गेली. "चालायचंच" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आता तुमचा एपीटीटी. निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरली नसेल तर नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (नळीतलं रक्त गोठू न देणारं द्रावण) हे प्रमाण बिघडतं आणि आकडा उगाच वाढतो. म्हणून आधी नमुना पुन्हा द्या. तरीही तसाच आला तर मिक्सिंग टेस्ट. नॉर्मल प्लाझ्मा मिसळून आकडा सुधारला तर बहुधा रक्त गोठवणारा एखादा फॅक्टर कमी आहे; त्यांना क्रमांक असतात. फॅक्टर आठ किंवा नऊ कमी असेल तर रक्तस्रावाची भीती; बारा कमी असेल तर आकडा कितीही वाढो, रक्त जास्त जात नाही. सुधारला नाही तर ल्युपस अँटिकोॲग्युलंट (नळीत गोठणं लांबवणारी प्रतिपिंडं) असू शकतं, आणि त्यात उलट रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका.

मी डॉक्टर नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे सगळं गणित बदलतं, आणि ती मनाने बंद करू नका. भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. "एवढं चालतं" म्हणून कुणी विषय मिटवायला लागलं, घरचं असो की बाहेरचं, तर घरातल्या रक्तस्रावाचा सगळा इतिहास लिहून काढा आणि तो कागद तुमच्या फाइलला लावायला लावा.