पुंडलिक चिडला नसेल

"देवाचं काहीच होत नाही माझ्याकडनं, मॅडम."

खुर्चीत नीट बसायच्या आधीच सुमनताई हे बोलल्या. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय ४६, पंढरपूरच्या बाजूचं गाव, नवरा एसटीत ड्रायव्हर, मुलगा बारावीला. सासूबाईंना त्या 'आत्या' म्हणतात. आत्यांना सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी बायका ही खंत वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. पोथी अर्धी राहिली, एकादशी मोडली, दिवा लावायला सवड नाही, माझी श्रद्धाच आटली का, देव रागावेल का. घरात आजारपण किंवा तान्हं बाळ असलं की हे हमखास येतं. म्हणून मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून त्याने प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबवलं, तुम्ही करताय तीही पूजाच आहे, असं म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पुंडलिक चिडला नसंल, मॅडम."

त्यानंतर खरी गोष्ट बाहेर आली. पंधरा दिवसांपूर्वीची सकाळ. मुलाच्या डब्याची घाई, गॅसवर दूध, आणि आत्या तोंड मिटून बसलेल्या. सुमनताईंनी पेजेचा चमचा जबरदस्तीने तोंडात कोंबला. आत्यांना जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लालबुंद झाला. पाठ चोळून दिल्यावर ठसका थांबला. सुमनताई देवघरापाशी गेल्या, काडी ओढली, आणि निरांजन न लावताच ती विझवून टाकली. तेव्हापासून त्यांनी दिवा लावला नव्हता. "हे हात घेऊन कशी जाऊ देवापुढं?"

वेळ मिळत नाही ही वरची तक्रार होती, खाली शरम होती. आणि मी पुंडलिक सांगून त्या शरमेत भर घातली होती. थकलेल्या बाईला 'सेवा हीच पूजा' म्हणणं सोपं असतं. ते ऐकून घरातले बाकीचे निवांत होतात आणि तिच्या पाठीवरचं ओझं मात्र तसंच राहतं. मी त्यांची माफी मागितली.

मग साधे प्रश्न विचारले. झोप किती लागते? रात्री दोन-दोन तासांनी उठून आत्यांना कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात, त्यामुळे सलग झोप सात महिन्यांत नव्हतीच. भूक? जे उरेल ते उभ्याने. जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारलं. ते विचारल्याने मनात नसलेलं काही शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. ज्यांच्या मनात येतं त्यांनी थांबू नये. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या वेळी मी त्यांच्या यजमानांनाही बोलावलं. ते बराच वेळ जमिनीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "रात्रीचं वळवायचं मी करतो. ड्युटी नसंल तेव्हा तरी." आठवड्यातले चार दिवस जमणार होते. नणंद रविवारी येऊ लागली. भरवायचं कसं हे फिजिओथेरपिस्टने सगळ्यांना एकत्र दाखवलं: आधी ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, पाणी पातळ न देता थोडं दाट करून, लहान चमचा, आणि गळ्याची घाटी वर-खाली झालेली दिसेपर्यंत दुसरा घास नाही. भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे सात महिन्यांत कुणीच सांगितलं नव्हतं. सुमनताई तेव्हा रडल्या. आत्या हट्ट करत नव्हत्या, त्यांना गिळायला वेळ लागत होता.

मी आणखी एकच काम दिलं. रात्री वहीत एक ओळ लिहायची. देवाबद्दल काही लिहायचं नाही, घरात आज काय दिसलं तेवढंच. पहिल्या आठवड्यात सहा ओळी आल्या. 'दूध उतू गेलं.' 'पोराने न सांगता आत्यांचं भांडं धुतलं.' 'आत्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला, सोडंचनात.' पदराच्या ओळीवर आम्ही बराच वेळ बोललो. तो हात काय मागत होता, भीती होती की माया? सुमनताई म्हणाल्या, "ठसक्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच धरला."

चौथ्या भेटीत त्या धावतच आल्या. आत्यांचं अंग पुसताना त्या सवयीने 'जय जय रामकृष्ण हरी' गुणगुणत होत्या. मध्येच थांबल्या, आणि पुढचं 'रामकृष्ण हरी' आत्यांच्या तोंडून आलं. स्पष्ट, चालीत. सात महिने 'पाणी' हा शब्द न निघालेल्या तोंडून.

मी त्यांना जे ठाऊक होतं ते सांगितलं. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, आणि उजवं अंग गेलं म्हणजे दुखापत तिथेच झालेली. पण पाठ झालेलं, चालीतलं, कधी आकडे, कधी प्रार्थना, अनेकदा शाबूत राहतं. म्हणून वाचा-उपचार करणाऱ्यांना हे नक्की सांगा, चाल धरून शब्दांपर्यंत पोचायचा प्रयत्न ते करू शकतात.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तो देव नाही, मेंदू आहे?"

मी म्हटलं, आत्या हे किती वर्षं म्हणतात? लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, त्या म्हणाल्या. चुलीपुढे, भाकरी थापताना, नातवाला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, मग इतकं खोल ते कुणी नेऊन ठेवलं? त्या काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन मात्र दिवा लावला. वहीत ओळ होती: 'आत्यांचा बिछाना देवघर दिसेल असा फिरवला.'

चिडचिड संपली असं नाही. नंतरही दोनदा झाली. पण आता त्या चमचा खाली ठेवतात, अंगणात जाऊन येतात आणि मुलाला हाक मारतात.

आषाढात नणंद चार दिवस राहायला आली. दशमीला सुमनताई वाखरीपासून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालल्या. पूर्वी त्या आत्यांबरोबर जायच्या. घरी परतल्या तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. आत्यांच्या पलंगाच्या कडेला टेकल्या. आत्यांनी डावा हात लांब केला. वारकऱ्यांत लहानथोर बघत नाहीत, वारी करून आलेल्याच्या पाया पडतात. हात पायापर्यंत पोचेना, तसं सुमनताईंनीच पाय उचलून पलंगावर घेतला. आत्यांनी ओला चिखल बोटाला लावला आणि बोट कपाळाला टेकवलं.

"मी पाय मागं घेतला नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.