टेक्सासमध्ये परवान्याने जवळ बाळगायला टॉरस जी३सी (९ मिमी) घेतलं आहे. काडतुसं कोणती घ्यावीत?

१२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी घ्या, साध्या दाबाची: फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट. जी३सीची नळी जेमतेम ३.२ इंच, त्यामुळे वेग घटतो. स्वस्त हॉलो पॉइंट अशा वेळी फुलतच नाहीत आणि फुल मेटल जॅकेटसारखे (पूर्ण धातूने मढवलेल्या, न फुलणाऱ्या गोळ्या) आरपार जातात. एफबीआयच्या जिलेटिनच्या ठोकळ्यावरच्या चाचणीत १२ ते १८ इंच खोली अपेक्षित असते, आणि आखूड नळीतूनही ती गाठण्यात या दोन्हींचा लौकिक आहे. 'प्लस पी'च्या (जास्त दाबाच्या काडतुसांच्या) मागे लागू नका. एवढ्या हलक्या पिस्तुलात धक्का वाढतो, दुसरी गोळी नेमावर यायला उशीर होतो.

नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुमच्याच पिस्तुलात ती अडकते का. सरावाला ११५ ग्रेनची स्वस्त फुल मेटल जॅकेट चालेल, पण निवडलेल्या हॉलो पॉइंटच्या किमान १०० तरी झाडा, सगळ्या मॅगझिनमधून. रुंद तोंडाची गोळी चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) तोंडाशी असलेल्या उतारावर अडली, स्लाइड अर्ध्यात थांबली, तर ब्रँड बदला. एकच काडतूस रोज चेंबरमध्ये भरू-काढू नका. गोळी काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात आत दबते आणि दाब धोकादायक वाढतो. शंका आली तर नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, आखूड दिसलं तर बाद.

एक मात्र बघा: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता पिस्तूलच काय, काडतुसंही बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.