टूलकिटसाठी कर्ज काढू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) साइटवर चालू करून देण्याच्या, म्हणजे कमिशनिंगच्या नोकरीत नुकतेच रुजू झाला आहात, महिन्याभरात पहिली साइट आहे, आणि त्याआधी सगळं सामान स्वतःचं असावं असं वाटतं. हिशोबासाठी हातात येणारा मासिक पगार १०० धरू. तुमच्या यादीत लॅपटॉप १८०, लूप कॅलिब्रेटर (सेन्सरचा करंट सिग्नल अचूक देणारं-मोजणारं उपकरण) ६५, हातात धरायचा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) ५५ आणि मल्टिमीटरसह किरकोळ हत्यारं ४० आहेत, म्हणजे एकूण ३४०. शिल्लक १५० आहे. त्यातले १०० घालून उरलेल्या २४० साठी १८ टक्के व्याजानं दोन वर्षांचं कर्ज घ्यावं का, असं विचारलंय.

घेऊ नका. हप्ता महिन्याला १२ पडेल आणि दोन वर्षांत व्याजापोटी जवळपास ४८ जातील, पण खरी अडचण व्याजाची नाही. तुमचा घरखर्च ६५ आहे आणि हाताशी फक्त ५० उरतील. दोन आठवड्यांच्या दौऱ्याला खिशातून साधारण ३० जातात आणि क्लेमचे पैसे ४५ दिवसांनी मिळतात, असं तुम्हीच लिहिलंय. लागोपाठ दोन दौरे आले की ६० अडकले. मग क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलायची वेळ येते, आणि ते व्याज या कर्जापेक्षाही महाग असतं. फील्डवर काम करणाऱ्याची पहिली गरज रोकड आहे, ऑसिलोस्कोप नंतरचा.

यादीतले ४० मात्र शिलकीतून लगेच खर्च करा. ही हत्यारं रोज हातात असतात.

त्यातले १८ मल्टिमीटरवर गेले तरी चालतील. ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या एसी लहरीही बरोबर मोजणारा), मिलिअँपिअरची रेंज आणि किमान कॅट ३, ६०० व्होल्ट हे सुरक्षेचं रेटिंग हवं. दाखवण्याची अचूकता स्वस्त मीटरलाही बरी असते. फरक आतल्या फ्यूजमध्ये आणि प्रोबमध्ये असतो. काचेचा फ्यूज असलेला मीटर पॅनेलमध्ये नेऊ नये, शॉर्ट झाला तर तो आर्क तोडू शकत नाही. जुना मीटर स्वस्तात मिळत असेल तर आधी उघडून बघा. कोणीतरी मूळ एचआरसी (शॉर्टचा मोठा करंट सुरक्षित तोडणारा) फ्यूज काढून भलताच बसवलेला असू शकतो. त्याच रेटिंगचे दोन जादा फ्यूज बॅगेत ठेवा. मिलिअँपच्या सॉकेटमध्ये लीड तशीच राहते, कोणी तिनं व्होल्टेज मोजतो, फ्यूज उडतो. पुढे तोच मीटर लूपमध्ये, म्हणजे ट्रान्समीटर (दाब, तापमान मोजून करंट सिग्नल पाठवणारं उपकरण) ते पीएलसी या सर्किटमध्ये, सिरीजला लावला की लूप तुटतो, रीडिंग शून्य येतं, आणि दोष मात्र ट्रान्समीटरच्या माथी येतो.

हत्यारांत १००० व्होल्ट इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, टर्मिनलसाठी ३ मिमीचा पातळ चपटा ड्रायव्हर, स्ट्रिपर, साइड कटर आणि रॅचेटचं फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) क्रिंपर घ्या. ०.५ ते २.५ चौरस मिमीच्या फेरूल भरपूर ठेवा. साध्या पकडीनं दाबलेली फेरूल महिन्याभरानं ढिली पडते आणि मधूनच येणारा फॉल्ट शोधण्यात अख्खा दिवस जातो. काम चालू असताना कोणी वीज सुरू करू नये म्हणून लावायचं लॉकआउटचं स्वतःचं कुलूप हवंच, त्याची किल्ली फक्त तुमच्याकडे. यूएसबी ते आरएस-४८५ (यंत्रांमधली दोन तारांची डेटा लाइन) कन्व्हर्टर आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा घ्या. दोन पॅनेलच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक असला तर साध्या कन्व्हर्टरमधून तो थेट लॅपटॉपच्या पोर्टवर येतो. थोडे पैसे वाचवून १८० ची वस्तू पणाला लावण्यात अर्थ नाही.

कॅलिब्रेटर आत्ता नको. त्याऐवजी ८ मध्ये साधा ४–२० मिलिअँप सिग्नल जनरेटर येतो. ४, ८, १२, १६, २० मिलिअँप दिले की ०, २५, ५०, ७५, १०० टक्के दिसायला हवेत. सीमेन्सच्या एस-७ पीएलसीच्या इनपुट कार्डावर १२ ला १३८२४ आणि २० ला २७६४८ हा आकडा. स्केलिंग (करंटचं टक्क्यांत रूपांतर) तपासायला एवढं पुरतं. फक्त त्यात टू-वायर (सिग्नलच्याच दोन तारांतून वीज घेणारा) ट्रान्समीटर सिम्युलेट करण्याची सोय आहे ना, हे घेण्याआधी बघा. कार्डच लूपला २४ व्होल्ट पुरवत असेल तिथे नुसता करंट सोडणारा जनरेटर कामाचा नाही. ट्रान्समीटर प्रत्यक्ष कॅलिब्रेट करायचा असेल तर ट्रेसेबल (मान्य मानकाशी पडताळल्याचं) सर्टिफिकेट असलेलं उपकरण लागतं. त्या सर्टिफिकेटचा दरवर्षीचा खर्च तुम्ही ६५ मध्ये धरलेलाच नाही. ऑडिट होणारा प्लांट त्याशिवाय तुमची रीडिंग मानणार नाही, म्हणून ते उपकरण कंपनीनंच द्यावं.

ऑसिलोस्कोपचं भाडं दिवसाला दीड आहे असं तुम्ही कळवलंय, म्हणजे ५५ वसूल व्हायला ३७ दिवस वापर हवा. नवख्या माणसाचा दोन वर्षांतही तेवढा होणं कठीण. आरएस-४८५ च्या बऱ्याच तक्रारी मीटरनंच सुटतात: वीज बंद करून ए आणि बी या तिच्या दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम म्हणजे दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर आहेत, १२० म्हणजे एक राहिलाय, ४० म्हणजे कोणीतरी तिसरा लावलाय. स्वस्तात टेबलावरचा स्कोप घ्यायचा मोह तर टाळाच. त्याच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते, ती ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) आउटपुटला लागली की सरळ शॉर्ट.

राहिला लॅपटॉप. सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीच्या नावावर असतं, ग्राहकाचा प्रोग्रॅमही कंपनीच्या जबाबदारीवर असतो, आणि कित्येक प्लांटमध्ये खासगी लॅपटॉप नेटवर्कला लावूच देत नाहीत. म्हणून तो मागून घ्या. घरी सरावाला पीएलसी प्रोग्रॅमिंगचं कोडेसिस फुकट मिळतं, सीमेन्सच्या टीआयए पोर्टलचं ट्रायल २१ दिवस चालतं. ‘लॅपटॉप तुमचाच आणा’ असं सांगितलं तर वापरलेला बिझनेस मॉडेल साधारण ६० मध्ये बघा: १६ जीबी रॅम, पण ३२ पर्यंत वाढवता येणारी, कारण वेगवेगळ्या आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवाव्या लागतात, एसएसडी, अंगचा लॅन पोर्ट, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर. एआरएम प्रोसेसरवर पीएलसीची बरीच सॉफ्टवेअर चालत नाहीत. एवढ्यासाठी मात्र एका वर्षाचं कर्ज चालेल: हप्ता साडेपाच, व्याज एकूण ६. तेवढाच लॅपटॉप भत्ता पगारात मागा.

४० आणि ८ गेल्यावर तुमच्याकडे १०२ उरतात. त्यातले ६५ घरखर्चाचे, त्यांना हात लावू नका. ३७ दौऱ्यासाठी, म्हणजे एक दौरा निघतो, दुसरा नाही. दुसऱ्यासाठी आगाऊ रक्कम निघण्याआधीच मागा. त्याच ईमेलमध्ये लॅपटॉप, लायसन्स, सर्टिफिकेट असलेली उपकरणं आणि सुरक्षेचं सामान कोण देणार हेही विचारा, उत्तर लेखी घ्या. स्वतःच्या वस्तूंचे सीरियल नंबर फोटोसह जपून ठेवा आणि प्लांटच्या गेटवर आत जातानाच नोंदवा. नोंद नसलेलं हत्यार बाहेर काढताना ते तुमचंच आहे हे पटवणं अवघड जातं.