कागदाच्या छोट्या इमारती करायला शिकायचंय, सुरुवात कोणत्या इमारतीपासून करू?

तुम्ही विचारलंय, पहिल्यांदा ताजमहाल करावा की गावातलं देऊळ. माझं ऐकाल तर दोन्ही नको. ज्या दारातून रोज ये-जा करता, ते घर करा.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. मीही आधी इंद्रभुवनलाच हात घातला होता. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू, आता महापालिकेची. तीन महिने तिचं नक्षीकाम कापत बसलो, जमलं नाही. फोटो बघून कापत होतो. खिडकीच्या पलीकडे काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मग आजीचं घर घेतलं. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार पॉवरलूमचा कारखाना. तिथली प्रत्येक पायरी पायाला माहीत होती.

माप १:५० ठेवा. २ मीटरचं दार ४ सेंटिमीटरचं होतं, बोटांना झेपतं. भिंतींना २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) आयव्हरी कागद पुरतो. मी मात्र जकार्डची जुनी कार्डं वापरली. चादरीवर कुठे फूल उठायचं हे मागाला ज्या भोकांवरून कळतं, ती पुठ्ठ्याची कार्डं. डिझाइन बंद झालं की त्यांच्या माळा माळ्यावर पडून राहतात. पुठ्ठा चिवट असतो. शेडच्या मागच्या भिंतीची भोकं मी बुजवलीच नाहीत. आत बारका दिवा लावला की उजेड त्यांतून थेंबाथेंबाने बाहेर येतो. मला ती भिंत फार आवडते.

आता महत्त्वाचं. कापडाला जसा ताणा-बाणा, तसा कागदालाही आपला कल असतो. चौकोनी तुकडा घ्या, एकाच बाजूने ओलं बोट फिरवा. तो वळून नळीसारखा होतो. नळीची लांबी ज्या दिशेला, तो त्याचा कल. मोठी घडी त्याच दिशेने घाला, आडवी घातली तर जाड कागद कडेला तडकतो. घडीच्या जागी आधी शाई संपलेल्या पेनाच्या टोकाने रेघ दाबून घ्या. कटरचं पातं नवं असू द्या, आणि एका दमात कापू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच.

पत्र्याचं छप्पर करताना मजा येते. खऱ्या पत्र्याच्या दोन उंचवट्यांत साधारण ७५ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे आपल्या मापात दीड. पुठ्ठ्यावर दीड-दीड मिलिमीटरवर सुती दोरे चिकटवून साचा केला, त्यावर किंचित ओलसर पातळ कागद ठेवला आणि रिकाम्या रिफिलने खाचा दाबत गेलो. वाळल्यावर कडेला चहाच्या पाण्याचा गंज दिला. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर ठेवतात ते दगडही ठेवले.

घर पूर्ण झालं तेव्हा आजीसमोर नेऊन ठेवलं. तिने चष्मा पुसला, वाकून बराच वेळ बघितलं. मग उंबऱ्यापाशी बोट नेऊन म्हणाली, "अन् माझं सूप कुठाय रे?" त्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन तिने आयुष्यभर विड्या वळल्या, आणि मी नेमकं तेच विसरलो होतो.

ते सूप ८ मिलिमीटरचं झालं. दोन फाटली. तिसरं आता उंबऱ्यावर आहे.