हरारचे 'दोन' म्हणजे आपले किती?

प्रश्न : माझा पुतण्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी इथिओपियातील हरार या गावी राहतो. त्याच्या घरमालकांनी मला 'दोन वाजता' फोन करण्यास सांगितले होते. हरार आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, असे धरून मी आपल्या साडेचारला फोन केला, तर ते सकाळपासून माझी वाट पाहत होते. हे कसे झाले? मालीमधील टिंबक्टू हेही असेच जुने विद्येचे गाव आहे. मग दोन्ही गावांची वेळ आणि स्वभाव सारखाच असेल का?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : आपला हिशेब बरोबर होता आणि घरमालकही खरेच बोलत होते. इथिओपियात रोजच्या व्यवहारात तासांची मोजणी मध्यरात्रीपासून होत नाही, ती पहाटेपासून होते; आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो त्याला तेथे एक म्हणतात आणि भर दुपारी सहा वाजतात. त्यामुळे त्यांचे 'दोन' म्हणजे तेथील सकाळचे आठ, अर्थात आपले साडेदहा. ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये, कारण पंचांगातला वारही सूर्योदयापासूनच सुरू होतो आणि 'दिवस कासराभर वर आला' असे म्हणणाऱ्या आपल्या आजोबांना घड्याळ पाहण्याची गरजच पडत नसे.

टिंबक्टूचे घड्याळ ग्रिनिचप्रमाणे चालते, म्हणून ते हरारच्या तीन तास आणि आपल्या साडेपाच तास मागे आहे. हरार साधारण 42 अंश पूर्व रेखांशावर आणि टिंबक्टू 3 अंश पश्चिम रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर 45 अंशांचे बरोबर तीन तास होतात. घड्याळातला फरक आणि सूर्याचा फरक इतका तंतोतंत जुळणे विरळाच. आपल्याकडे तो जुळत नाही, कारण भारताची प्रमाणवेळ 82.5 अंशांवरची असल्याने परभणीत वर्षातले बहुतेक दिवस सूर्य माथ्यावर यायला घड्याळातले सव्वाबारा उलटून गेलेले असतात.

स्वभावाबाबत मात्र ही दोन गावे फार वेगळी आहेत. हरार सुमारे 1,900 मीटर उंचीवरचे, आल्हाददायक हवेचे, सोळाव्या शतकातील तटबंदीच्या आत दाटीवाटीने वसलेले गाव आहे. युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली, तेव्हा तेथे 82 मशिदी आणि 102 पवित्र स्थाने असल्याचे नमूद केले होते. घरात शिरल्यावर उंच-सखल ओटे आणि भिंतीवर रंगीत टोपल्यांची मांडणी दिसते. संध्याकाळी वेशीबाहेर तरसांना हाताने मांस भरवले जाते, कारण गावाने या जनावराशी भांडण न करता शेजारपण मानले आहे. हरारविषयी मला सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो तो याच गोष्टीमुळे.

टिंबक्टू सहाराच्या कडेला, नायजर नदीपासून थोड्या अंतरावर आहे. ताउदेनीच्या खाणींतून उंटांवर लादून आणलेल्या मिठाच्या लाद्या आणि घराघरांतील पेट्यांत जपलेली हस्तलिखिते यांवर या गावाची ओळख उभी राहिली. तेथील मातीच्या मशिदींना पुन्हा पुन्हा लिंपावे लागते, आणि आपल्याकडे पांढऱ्या मातीची धाब्याची घरे पावसाळ्यापूर्वी जशी नीट केली जात, तसे ते काम गावकरी मिळून करतात. 2012 मध्ये सशस्त्र गटांनी तेथील अनेक मजारी पाडल्या. पुढे स्थानिक गवंड्यांनीच त्या पारंपरिक पद्धतीने पुन्हा उभ्या केल्या. उन्हाळ्यात परभणीलाही हार न जाणाऱ्या उकाड्यामुळे तेथील कामे सकाळी आणि दिवस कलल्यावरच होतात, एरवी दिवसाची विभागणी पाच नमाजांनी होते.

यापुढे हरारला फोनची वेळ ठरवताना ती तेथील मोजणीची की आंतरराष्ट्रीय घड्याळाची, हे आधी विचारून घ्यावे. ती तेथील मोजणीची आणि दिवसाची असेल, तर सांगितलेल्या आकड्यात साडेआठ तास मिळवले की आपली वेळ निघते.