सीटी स्कॅनवर तंत्रज्ञ म्हणून नव्यानं रुजू झालेल्या भावाला

भावा, अभिनंदन! हल्ली रात्रीचा रिपोर्ट बऱ्याचदा दुसऱ्या गावातला डॉक्टर स्क्रीनवर बघून देतो. पेशंटजवळ आपणच असतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आपल्या व्यवसायाला मान्यताही दिली. जबाबदारी वाढली, पण रोगाचं निदान करणं हे काम डॉक्टरांचंच.

गगनबावड्याहून, गडहिंग्लजहून आलेले नातेवाईक विचारणारच, “साहेब, काय हाय त्यात?” नवा असताना मी एकदा “नॉर्मल आहे” म्हणून बसलो. रिपोर्टात घोट्याला बारीक फ्रॅक्चर निघालं, आणि तो माणूस तोवर पाय टेकत घरी पोचला होता. आजही आठवलं की वाईट वाटतं. “डॉक्टर सांगतील” एवढंच म्हण. पण मेंदूत रक्तस्राव दिसतोय असं वाटलं, तर रांगेची वाट न बघता रेडिओलॉजिस्टला, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरला, फोन लाव. तिथं संकोच नको.

सुरुवातीला एवढं पक्कं कर:
- नाव पेशंटच्या तोंडून वदवून घे. डावी-उजवी बाजू चिठ्ठीशी ताडून बघ.
- बाईमाणसाला गरोदरपणाबद्दल विचारायला लाजू नकोस.
- कॉन्ट्रास्टआधी (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आणि ॲलर्जी बघ.
- टीएलडी बॅज (आपल्या अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) छातीवर, लीड म्हणजे शिशाच्या एप्रनच्या आत. खुंटीवर नाही!

सोनोग्राफीचा प्रोब मात्र कुणी आग्रह केला तरी हातात घेऊ नकोस. १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्यानं ते काम पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांचंच.

प्रोटोकॉल, डोस वगैरे सहा महिन्यांनी बोलू. अडलास तर रात्रीही विचार.