पाय दुमडले तर दुमडू द्या, सीट वळवू नका

ताई, तुम्ही बाळाच्या कार सीटचं विचारलंत: अकरा महिन्यांचा मुलगा, वजन साडेनऊ किलो, सीटमध्ये गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून (म्हणजे उलटा) बसतो, पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात, आणि दुकानदार म्हणतो, "नऊ किलो झालं, आता तोंड पुढे करा." कराडहून पुण्याला महिन्यातून दोनदा जाता म्हणालात, तर माझं ऐका, एवढ्यात वळवू नका.

९ किलोचा आकडा जुन्या युरोपीय नियमातला. तिथंही ती परवानगी आहे, सक्ती नाही. आर १२९ या नव्या युरोपीय नियमात १५ महिने पूर्ण होईपर्यंत तोंड मागेच. तुमच्या सीटच्या स्टिकरवर उलटं बसवायची मर्यादा बघा, कन्व्हर्टिबल (उलट्या-सुलट्या दोन्ही बसणाऱ्या) सीटपैकी काहींना ती १३ किलो, तर काहींना १८ किलोपर्यंत असते.

पायांचं म्हणाल तर पोरं खुशाल मांडी घालून बसतात. काळजी मानेची. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मानेचे मणके कच्चे. खंबाटकीच्या उतारावर गाडी पुढच्या ट्रकला धडकली, तर पुढे तोंड केलेल्या बाळाचं अंग पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकदम टेकते, धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो.

महागड्या सीटपेक्षा पट्टे नीट आवळणं महत्त्वाचं, आणि तिथंच बहुतेकांचं ढिलं असतं. उलट्या सीटला पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा जरा खालून यायला हवेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरा; घडी पडली तर अजून आवळा. थंडीत जाड स्वेटर काढून पट्टे लावा, मग वरून दुपटं घाला. उन्हाळ्यात आधी बकलला हात लावून बघा, चटका बसतो.

पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी सीट अजिबात नाही. एअरबॅग उघडली की थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

सासूबाई मांडीवर घेतो म्हणतात, त्यांची माया खरी, पण धडकेत साडेनऊ किलो हातात धरून ठेवणं पैलवानालाही जमायचं नाही. त्यांना मागे बाळाशेजारी बसवा, रडणं निम्मं कमी होईल. तरी नाहीच ऐकल्या, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब चा १००० रुपये दंड सांगा, आमच्याकडे ही मात्रा लागू पडली!

गाडी आणि सीटचं मॉडेल कळवा. छोट्या गाड्यांत मागचा बेल्ट उलट्या सीटला कधीकधी आखूड पडतो.